बाइंडिंगला गेलेली वही

तो कागद आधी माझ्या मांडीवरून उचला. उचला म्हणतो ना. सही कुठे पळून जात नाही – आधी नीट बसा, आणि त्या टोकाला बसू नका, तिथली फळी सुटलीय, परवाच एक वकील फायलींसकट आडवा झाला. हां, असे. मधे बसा. आणि सारखं खिडकीकडे काय बघताय? अडीचला उघडणार असं लिहिलंय, म्हणजे पावणेतीन धरा. अडतीस वर्षं मी त्या खिडकीच्या आत, ह्या नोंदणी ऑफिसात काढली, शिपाई म्हणून – रेकॉर्डच्या वह्या काढायच्या, द्यायच्या, परत फळीवर लावायच्या – आणि निवृत्त झाल्यापासून अठरा वर्षं हा बाक. लोक येतात, आजोबा, अमुक जागा घ्यायचीय, तिच्यावर कुणाचं कर्जबिर्ज आहे का बघा. मी आत जातो, फी भरतो, वह्या उलटतो, काय असेल ते सांगतो. शिक्षण? चौथी. ती पण मास्तरांनी पुढे ढकलली म्हणून. पण अक्षर बघून सांगेन की त्या वर्षी कुठला कारकून होता आणि सकाळी घरून भांडून आला होता की जेवून. – हसू नका. भांडून आलेल्याचा काना कागद फाडतो.

तर तुमचा धंदा मला कळला. तुम्ही 'आर्थिक सल्लागार' म्हणालात तेव्हाच कळला. बँकांत पडून राहिलेले पैसे, ज्यांना कुणी मागायला आलं नाही असे – त्यांची दरवर्षी यादी निघते – त्या यादीतून नावं उचलायची, त्यांच्या मागचे कोण ते हुडकायचे, आणि दारात जाऊन उभं राहायचं, आजोबा अभिनंदन, तुमचे इतके अडकलेत, इथे सही करा, शेकडा वीस आमचे. वीसच ना? पंचवीस? अरे वा. त्यापेक्षा चोर बरे, त्यांना निदान कुलूप तरी फोडावं लागतं. – राग मानू नका हो, मी काय वेगळं करतो? तुम्ही पैशाच्या बाजूने उकरता, मी कर्जाच्या. दोघंही दुसऱ्याच्या घरातलं उकरणारेच. फक्त मी नाक पुसून येतो आणि तुम्ही टाय लावून.

आणि मला बातमी दिल्यासारखं सांगू नका. 'तुमच्या मुलाच्या नावावर खातं आहे, आजोबा' – माहीत आहे मला. वर्ष झालं, माहीत आहे. दहा वर्षं ज्या खात्याला कुणी हात लावत नाही ते त्या यादीत येतं. पूर्वी बोर्डावर लागायची, आता कॉम्प्युटरवर असते, तो समोरचा झेरॉक्सवाला मला छापून देतो, शंभर-सव्वाशे पानं, आणि मी बोट ठेवून एकेक ओळ वाचतो. दरवर्षी. नाव नसलं की त्याला चहा पाजायचो. तो म्हणायचा, आजोबा, लोक नाव सापडलं की पार्टी देतात, तुमचं सगळं उलटं. उलटंच आहे. गेल्या वर्षी सापडलं. आधी आडनाव, मग पोराचं नाव, शेवटी माझं – बापाचं नाव चिकटून येतंच ना आपल्यात – म्हणजे बघा, त्या बेवारस यादीत मी पण होतो. त्या दिवशी चहा नाही पाजला. म्हणाला, काय झालं? म्हटलं, तुझी शाई पुसट आहे. भांडलो त्याच्याशी. महिनाभर बोललो नाही. त्याचा काय दोष? काहीच नाही. समोर तो होता.

आता तुम्हाला माझी सही हवी. कशाला, ते मला शिकवू नका. बँक विचारणार, ज्याचं खातं तो कुठाय? त्याला दोनच उत्तरं चालतात. एक, मेला – मग आणा मृत्यूचा दाखला. दोन, बेपत्ता – मग बापाने शपथेवर लिहून द्यायचं की सात वर्षं झाली, ह्याचा ठावठिकाणा नाही, खबर नाही, काही नाही. आणि तुम्ही ते सात वर्षांचं घेऊन आला असणार. नाही देणार. थांबा, माझं पुरं होऊ द्या – नाही देणार. ह्याच बाकावर बसून मी किती बायकांना तसले कागद लिहायला मदत केली असेल, नवरा बोटीवर गेला, नवरा मित्राकडे जातो म्हणून गेला. सांगायचो, बाई, लिहून टाक, तुझी पोरं जगतील. दुसऱ्याला सांगायला जीभ सैल असते. पण स्वतःच्या हाताने पोराला असा खोडून टाकायचा? आणि वर शेकडा पंचवीस कापून? तो रागावलाय. रागावलेला माणूस बेपत्ता नसतो, साहेब. तो कुठेतरी असतो आणि तिथे बसून रागावलेला असतो.

का रागावलाय? – तुला तू म्हणतो आता, त्याच्याच वयाचा दिसतोस. त्याचेही कानावरचे एवढेच पिकले असतील. आम्ही त्याला बारक्या म्हणायचो. जन्मला तेव्हा एवढासा होता, डॉक्टरीण म्हणाली हा जगला तर नवल, आणि मग जो वाढला तो दाराची चौकट कपाळाला लागेपर्यंत थांबला नाही. नाव तेच राहिलं. रस्त्याने हाक मारली, ए बारक्या, की लोक आजूबाजूला लहान पोर शोधायचे. वर्कशॉपमधे लेथ मशीनवर कामाला होता. हात सोन्याचा, तोंड मुक्याचं. पंचविसाव्या वर्षी त्याने दोन खोल्यांची जागा बघितली. आम्ही तिघं तेव्हा भाड्याच्या एका खोलीत, रात्रपाळी करून आला की दिवसा झोपायचा, आणि त्याची आई ओट्याशी उभी असली की त्याचे पाय तिच्या पायात यायचे. म्हणाला, आईला खिडकी असलेला ओटा देतो. सात वर्षांची शिल्लक, वर्कशॉपच्या मालकाकडून उचल, आईच्या बांगड्या – तिने आपण होऊन विकल्या, मला विचारलं पण नाही. विकणारा माणूस गोड. इतका गोड की तेव्हाच तोंड धुऊन टाकायला हवं होतं. म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, सोमवारी सही करा नाहीतर राहू द्या. वर्कशॉपमधल्या पोरांनी बारक्याला सांगितलं, वकिलाकडून शोध घे, तीस वर्षांच्या वह्या बघून घेऊ दे त्याला. तर हा हसला म्हणे. म्हणाला, घरात विहीर असताना पाणी विकत घेऊ का? माझा बाप तिथेच आहे.

आता हे तुझ्यासारख्याला कळेल, तू ह्यातला आहेस. तीस वर्षं म्हणजे सूचीच्या तीस वह्या. एकेका वर्षाची एक, त्या वर्षी कुणी काय विकलं, कुणी काय गहाण टाकलं, सगळं नावावार. शुक्रवारी दुपारी बसलो आणि एकेक काढत गेलो. एकोणतीस बघितल्या. एक जागेवर नव्हती. फळीवर तेवढी फट, आणि फटीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला – 'बाइंडिंगला'. मला तो वाचायची पण गरज नव्हती, महिन्यापूर्वी मीच नेली होती. शिवण उसवली होती तिची, पानं गळायला लागली होती, फडक्यात बांधून खांद्यावरून बाइंडरकडे पोचवली होती मी. शनिवारी सकाळी गेलो ना त्याच्याकडे! नाही गेलो असं नाही. तर वही सगळी सुटी, फाटल्या कडांना खळ लावून, पातळ कागद चिकटवून पानं दोरीवर वाळत घातलेली. एका अख्ख्या वर्षाची माणसं, कुणी विकणारं, कुणी घेणारं, कुणी बुडणारं, खोलीभर लटकत होती. मी एका पानाखाली मान वाकडी करून बघायला लागलो तर बाइंडर ओरडला, ओली आहेत, हात लावलात तर अक्षर उतरेल, आठ दिवसांनी या.

आता माणूस काय करेल? घरी जाईल आणि पोराला सांगेल, एक वही बाकी आहे रे, आठवडाभर थांब. एवढंच. त्याला काय पैसे पडतात? नाही सांगितलं. का नाही सांगितलं? मी मला विचारतो आणि मीच उत्तर देतो, ऐकायला दुसरं आहे कोण. त्या संध्याकाळी तो कामावरून आला, हात पण धुतले नव्हते, आणि आईला म्हणाला, बाबांनी बघितलंय म्हणजे झालं. मग माझ्याकडे वळला. बघितलं ना, बाबा? – अरे, शिपाई होतो मी. दिवसभर 'ए, ती वही आण', 'ए, ही ठेव', 'ए, पंखा लाव'. घरात पोरगा माझ्या दुप्पट कमवायचा. आणि तो माझ्या तोंडाकडे असा बघत उभा राहिला, जसे लोक आमच्या साहेबाकडे बघायचे. म्हटलं, तीसच्या तीस बघितल्या. काही नाही जागेवर. घे बिनधास्त. आणि मनात म्हटलं, तिसातली एक. त्यातच कशाला असेल?

त्यातच होतं.

सव्वा वर्षाने कोर्टाचा बेलीफ आला. विकणाऱ्याने त्या वहीच्या वर्षी ती जागा एका पेढीकडे गहाण टाकून कर्ज उचललं होतं, फेडलं नव्हतंच, आणि आमचे पैसे घेऊन तो जो गेला तो गेला. पेढीने जागेला कुलूप लावलं. सामान जिन्यात. त्याची आई पायरीवर बसली होती, भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून – भांडी नाही, कपडे नाही, ते घड्याळच हातात कसं आलं तिलाही सांगता येईना. आणि तो माझ्याकडे आला. इथे, ह्याच कॉरिडॉरमधे, त्या पाण्याच्या नळापाशी उभा राहिला. म्हणाला, बाबा, त्या वर्षाची वही बघितली होती ना तुम्ही? – म्हणजे बघ, आयती दुसरी संधी. ताटात वाढून दिलेली. तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही माणसाने? मी उघडलं. म्हटलं, बघितली होती, तेव्हा ती नोंद त्यात नव्हती. पेढीवाल्यांनी पैसे चारून मागाहून घुसडलीय. असं म्हटलं मी. सुचलं कसं मला माहीत नाही. खोटं बोलायला शिक्षण लागत नाही, ते आपोआप येतं. आणि त्याने विश्वास ठेवला रे. माझ्या त्या एका वाक्यावर त्याने कोर्टात दावा लावला.

तीन वर्षं चालला. रात्रपाळी करायचा, दिवसा कोर्टात पेंगायचा. मी सुटेन असं वाटत होतं – तारखांवर तारखा पडतात, माणसं मरतात, वकील बदलतात. शेवटी साक्षीला उभं राहावं लागलं. पेढीचा वकील बुटका, आवाज मऊ. मला काका म्हणाला. काका, तीस वह्या बघितल्या तुम्ही? हो. ही वही पण? हो. खरेदीच्या आदल्या शुक्रवारी? हो. मग त्याने बगलेतून एक लांबडं रजिस्टर काढलं – आमच्याच ऑफिसचं, जावक रजिस्टर, कुठली वस्तू कधी बाहेर गेली आणि कधी आत आली. म्हणाला, काका, ही वही त्याच्या महिनाभर आधी बाहेर गेली आणि खरेदीनंतर महिन्याने परत आली. तुम्ही शुक्रवारी कुठे बघितली? म्हणाला, बरं, ते राहू द्या, ती बाहेर नेली कुणी? इथे सही आहे नेणाऱ्याची. ही कुणाची सही आहे, काका?

म्हटलं, माझी.

बारक्या मागच्या बाकावर होता. मी वळून बघितलं नाही. दावा गेला, माझ्या दोन वेतनवाढी गेल्या, त्या काय, जाऊ देत. बाहेर आलो तर तो कोर्टाच्या जिन्यात माझ्यासाठी थांबला होता. मला वाटलं आता ओरडेल. चारचौघांत हात उगारला असता तरी मी गाल पुढे केला असता. तो म्हणाला, 'बाबा, आठवडाभर थांबलो असतो की मी.' बस. आवाज पण चढवला नाही. उतरला, घरी जाऊन आईला भेटला, दोन शर्ट पिशवीत टाकले आणि गेला. एकवीस वर्षं झाली त्याला.

नको, पाणी नको. तुझ्या बाटलीतलं तर नकोच. – काय सांगत होतो? हां. तर बेपत्ता कशावरून म्हणतोस तू? मी त्याला शोधून काढला होता. एक गोष्ट सांगतो, लिहून घे, तुमच्या टायवाल्यांत कुणी शिकवणार नाही – जिवंत माणूस कर्जात सापडतो. मेलेल्याला कोण कर्ज देतं? जागेवर, मशीनवर कर्ज काढलं की त्याची नोंद होते, आम्ही त्याला बोजा म्हणतो. लोक बोजा म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात. मला विचारशील तर बोजा म्हणजे माणूस श्वास घेतोय. मी रजा काढून एकेका गावच्या नोंदणी ऑफिसात जायचो. शिपायाला शिपाई ओळखतो, बसायला स्टूल द्यायचे. चौथ्या गावात सापडला, दोन वर्षांनी. त्याने कर्जाने लेथ घेतलं होतं, स्वतःचं. मी त्या ओळीवर बोट ठेवून इतका वेळ बसलो की तिथला शिपाई म्हणाला, काका, तुमचे पैसे बुडवले का ह्याने?

घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, पत्ता असेल ना त्यात? होता. मग गेला होतात? – तिला सांगितलं, गेलो होतो, शेडला कुलूप होतं. कुलूप नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो, तर आतून लेथचा आवाज येत होता, एकसारखा, आणि मधेच थांबायचा, म्हणजे माप घेत असणार. अर्धा तास ऐकला आणि बस पकडली. – हे कुणाला बोललो नव्हतो. तुझ्यापाशी का बोलतोय कोण जाणे. तू गप्प बसतोस फार. गप्प बसणारा माणूस समोर बसला की समोरच्याच्या पोटातलं बाहेर पडतं.

मग दर सहा महिन्यांनी जायचो, नुसती वही बघायला. परत आलो की ती दारातच विचारायची, काय म्हणतोय? जसं काही पत्र आलंय. मी सांगायचो, दुसरं मशीन घेतलंय, त्याच्यावर एवढा बोजा. ती म्हणायची, इतकं कर्ज कशाला काढतो हा, जेवतो का नीट? म्हटलं, सूचीत जेवणाचा रकाना नसतो. म्हणाली, तुमच्या ऑफिसात कामाचं काहीच लिहीत नाहीत का? – मग एकदा नोंद आली, पहिलं कर्ज फिटलं. मुदतीच्या आधी. ती अशी खूश की शेजारपाजारी सांगून आली. मला मात्र बरं वाटलं नाही. म्हटलं, फेडतो कशाला इतक्या घाईने, राहू दे ना थोडं. दुसरंही फिटलं. त्यानंतर काही नाही. सूचीची पानं उलटतोय, उलटतोय, त्याचं नावच नाही. आता तिला काय सांगणार? तिचं दुखणं तोवर वाढलं होतं. मी रचायला लागलो. घर घेतलं म्हटलं, घरावर बोजा. चारचाकी घेतली, तिच्यावर बोजा. दुकान टाकलं, दुकानावर बोजा. तिच्या शेवटच्या दिवसांत बारक्या त्या गावातला सगळ्यात कर्जबाजारी माणूस होता आणि त्याची आई सुखाने पडून होती. नऊ वर्षं झाली तिला जाऊन.

काय? – नॉमिनी मी आहे, हो, ठाऊक आहे, त्याशिवाय तू कशाला आला असतास माझ्या दारात. जुनं खातं असेल रे ते, पहिल्यांदा कामाला लागला तेव्हाचं. तेव्हा सगळेच बापाचं नाव टाकतात. नंतर बदलायचं राहून गेलं. राहून जातात अशा गोष्टी माणसाच्या हातून, त्याचा कुणी अर्थ लावत बसू नये. – काय म्हणालास? कधी उघडलं? – चुकतोयस तू. तेव्हा तो इथे नव्हताच. कोर्टानंतरची तारीख आहे ती, तीन वर्षांनंतरची. दाखव. नुसतं तोंडाने सांगू नकोस, अर्जाची नक्कल दाखव. – बँक त्याच गावची. हं. हे अक्षर त्याचंच, असा डावीकडे कलतो तो. नॉमिनी, माझं नाव. नातं – 'वडील'. म्हणजे टेबलाशी उभा असेल, कारकुनाने विचारलं असेल, तुमच्यामागे कुणाला द्यायचे, आणि ह्याने... आई होती ना तेव्हा. धडधाकट होती. तिचं नाव का नाही लिहिलं? तिचं लिहायचं. तिने काय केलं होतं? – नाही, बँकेतले लोक घाई करतात. मागे रांग असते. घाईत लिहिलं असेल.

ऐक. आपण असं करू. हे पैसे राहू देत बँकेत. तुझं नुकसान नको, तुझे पंचवीस टक्के मी देतो, माझ्या पेन्शनीतून, हप्त्याने देतो, लिहून देतो हवं तर. त्याच्या बदल्यात तू त्याला शोध. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहेत, बसल्या जागी सगळ्या गावांच्या नोंदी दिसतात तुम्हाला. मी बसने एकेक गाव किती करणार, गुडघे राहिले नाहीत. पैशात नको शोधू. कर्जात शोध. मशीनवर, जागेवर, टेम्पोवर, कशावर पण. पन्नाशीचा माणूस आहे, हात सोन्याचा आहे, कुठेतरी हप्ता भरतच असेल. आणि आडनावात एखादं अक्षर चुकवतात कारकून, तसंही बघ, बापाचं नाव गाळतात कधी, तसंही बघ. – लिहून घे ना. पेन काढ. – लिहीत का नाहीस?

काय झालं? असा तुझ्या पिशवीकडे काय बघतोस?

दे तो कागद. दे इकडे, मघापासून मी वाचलाच नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, वरचं सगळे वाचतात, खालचं वाचा. – 'सोबत जोडलेले कागद.' एक, नॉमिनीचं ओळखपत्र. दोन, फोटो. तीन... सात वर्षांचं प्रतिज्ञापत्र कुठाय? त्याच्यापुढे काही खूण नाही. आणलंच नाहीस तू ते. तू एकदाही म्हणाला नाहीस की आणलंय. मीच म्हणत होतो. खूण ह्याच्या वरच्या ओळीला आहे. दाखला, जोडला आहे.

नको. काढू नकोस बाहेर. नुसतं सांग. कधीचा? – अकरा वर्षं. – कुठला? तिथलाच? त्याच गावात होता? – काय झालं होतं? – बरं. – हॉस्पिटलात की घरी? – बरं.

मी जायचो रे तिथे. त्यानंतरही दोन वर्षं जात होतो. त्या इमारतीत दोन खिडक्या आहेत. एक नोंदणीची, आणि तिला लागून जन्म-मृत्यूची. मी ह्या रांगेत उभा असायचो, तर त्या खिडकीतला कारकून मला ओळखायला लागला होता. मान हलवायचा. मी पण हलवायचो. एकदा म्हणाला, काका, नेहमी तिकडेच काम असतं तुमचं. म्हटलं, हो, तिकडेच.

एक सांग. मृत्यूच्या वहीत खबर देणाऱ्याचा रकाना असतो. कुणी येऊन सांगितलं, त्याचं नाव आणि नातं. तू मूळ नोंद बघितली असशील, तू धंद्यातला आहेस. कोण आहे त्यात? बायको, पोरं – काहीतरी असेल. – परत सांग.

घरमालक.

आणि नात्याच्या रकान्यात? – रेघ.

सही आज नाही. उद्याचं पण सांगू शकत नाही. त्या घरमालकाचा पत्ता असेल त्या नोंदीत, तो लिहून दे ह्या कागदाच्या मागे. मोठ्या अक्षरात. गावात उतरल्यावर कुठल्या बाजूला ते पण लिही. झालं? आता जा. नाही, मला पोचवायला नको कुणी. काही बोलू नकोस तू, मघापासून बोलला नाहीस ते बरं केलंस. जा म्हणतो ना.